डावी कूस

अंबाजोगाईच्या दवाखान्यात, वॉर्ड पाच,
खिडकीकडून तिसरी खाट.
सोजरबाई. वय तिनं सांगितलेलं चाळीस,
कागदावर बावन्न.
लहानपणी एका थंडीत सांधे सुजले होते,
शेकले, उतरले.
काळजानं मात्र ती थंडी ठेवून घेतली,
झडपेत.

मी नुकतीच लेक्चरर.
फळा नाही, खडू नाही,
आणि शिकवायचं कसं, हे मला कुणी शिकवलेलं नाही.
आमच्या वेळी हंगरगे सर राउंडला एवढंच म्हणायचे,
"ऐका. लांबचा गडगडाट असतो."
आठ जणांनी ओळीनं कान लावले,
आठही जणांनी माना हलवल्या.
मला काही ऐकू आलं नव्हतं.
पुढची दोन वर्षं तो आवाज मी
उत्तरपत्रिकेत अचूक लिहीत राहिले.

आता माझ्यासमोर सहा जण,
कोटांच्या घड्या अजून मोडलेल्या नाहीत.
पडदा तुटलेला, म्हणून दोन मुलींनी चादर धरलेली.
"मावशी, बघू का?" एकानं विचारलं,
आणि उत्तराआधीच हात पुढं.
मी तो हात मागं घेतला.
आधी चकती तळव्यावर ऊन कर.
मग परत विचार,
आणि ती हो म्हणेपर्यंत थांब.
सोजरबाई हसली.
"व्हय म्हणले की. सकाळपासून चौथी टोळी हाय ही.
पोहे बी गार झालेत."
मग आधी पोहे.
एका बाईचं खाणं होईस्तोवर
सहा होऊ घातलेले डॉक्टर नुसते उभे.
हेही त्या दिवसाच्या धड्यात धरायला हवं होतं,
असं मला पुष्कळ नंतर वाटलं.

पाच जणांनी माना हलवल्या.
ती मान माझ्या ओळखीची.
शेवटचा दस्तगीर, उदगीरचा.
कान लावून बसला, बराच वेळ,
मग फरशीकडं बघत म्हणाला,
"मॅडम, मला काहीच ऐकू येईना."

हंगरगे सरांचं वाक्य माझ्या तोंडात तयार होतं.
गिळलं.
"मलाही आलं नव्हतं," म्हणाले,
"आणि मी आलं म्हणाले होते."
हललेल्या माना
एकेक करून खाली आल्या.

तेवढ्यात खाट करकरली.
सोजरबाई आपणहून डाव्या कुशीवर वळली,
पदर सावरून, हात उशीखाली.
"असं केल्यावर येतंय म्हणं.
मागल्या खेपेला मोठ्या डॉक्टरनं वळवलं होतं.
आन दाबू नको रे बाळा,
नुसतं टेकव. दाबलं की जातंय."

मी चकती उलटी करून दिली, घंटेची बाजू.
त्यानं टेकवली.
तिनं श्वास सोडून तसाच धरला,
कुणी न सांगता.
"मॅडम," तो कुजबुजला, "डाळमिल.
आमचं घर मिलच्या मागं आहे.
रात्री उशीवर कान ठेवला की
भिंतीतून असंच येतं."
मी पुस्तकातला गडगडाट तिथंच सोडून दिला.

"मला बी द्या की एकदा," ती म्हणाली.
"बावन्न वर्सं माझ्यापाशी हाय,
आन ऐकू लालेत सगळे दुसरेच."
(वय असं निघालं.)
मी नळ्या तिच्या कानात घातल्या.
ती ऐकत राहिली.
चादर धरलेल्या मुलींचे हात भरून आले,
खाली नाही आले.
"एवढा दंगा करू लालंय," ती शेवटी म्हणाली,
"आन मला एका शब्दानं बोललं नाही."

दुसऱ्या दिवशी मला दहा मिनिटं उशीर झाला.
तिसऱ्या खाटेभोवती नवी तुकडी,
मधून आवाज:
"आधी ईचार. मग ऊन कर. मग टेकव."
मी फाईल घेऊन दारातच उभी.
मागून ट्रॉलीवाला म्हणाला,
"मॅडम, सरका जरा."