बारदान वजा

मार्केट यार्डात एकवीस वर्षं मी हळद तोलतो.
पोतं काट्यावर येतं, आकडा थरथरतो,
थांबला की मी ओरडतो आणि कारकून लिहितो.
माझा आकडा मात्र मी कुणाला ओरडू दिला नाही.

एकशे एकतीस.
तो कळला इथल्याच काट्यावर,
दिवाळीत, सौदे बंद असताना,
वॉचमन चहाला गेल्यावर.
चपला काढल्या. मग घड्याळ.
मग खिशातलं किल्ल्यांचं जुडगंही.
एकशे एकतीसच.

विश्रामबागच्या डॉक्टरीणबाईंनी कागद दिला :
साखर बंद, रोज चालणं,
आणि सूर्य मावळायच्या आत जेवण. फी आठशे.
रत्नप्रभा कागद वाचून हसत सुटली,
"अहो, तुमच्या आई हेच सांगत होत्या की जन्मभर,
दिवेलागणीनंतर ताट नको. आणि फुकट!"
आई झोपली की मी भडंगाचा डबा उघडायचो,
शेंगदाणा दाताखाली वाजू नये म्हणून
चघळत बसायचो अंधारात.
कांदा-बटाटा आमच्यात नव्हताच,
सोडायला सोपं असं काही उरलंच नव्हतं.

आयर्विन पूल.
पहिल्या दिवशी दिव्याच्या तिसऱ्या खांबापर्यंत गेलो
आणि कठडा धरून
नदी बघत असल्याचं सोंग केलं.
महिनाभर मी ती नदी फार मन लावून बघितली.
सांगलीवाडीच्या टोकाला पोचलो
त्या सकाळी कुणाला सांगावं कळेना,
म्हणून पेरूवालीला सांगितलं.
ती म्हणाली, "बरं. किती देऊ?"

दीड वर्ष.
लग्नात जिलबीकडे पाठ करून बसलो.
अंगठी बोटातून निसटून मुगाच्या आमटीत गेली.
लोक रत्नप्रभाला बाजूला घेऊन विचारायचे,
"धनपालना साखर लागलीय का? का दुसरंच काही?"
एकानं पुण्याच्या दवाखान्याचा नंबरही दिला.

चौऱ्याऐंशी.
म्हणजे सत्तेचाळीस गेले.
पण आमच्या धंद्यात माल तोलला की
गोणपाटाचं वजन वजा करतात, बारदान म्हणतो आम्ही.
न्हाणीत सदरा काढला की
पोटावरची कातडी लोंबते,
हळद ओतून घेतलेल्या पोत्यासारखी.
मी ती दुमडून पँटच्या आत ठेवतो.
रिकाम्या पोत्यांनाही यार्डात भाव असतो.
ह्याचा सौदा कोण काढणार?

परवा भरमा हमाल म्हणाला,
"मालक, एक पोतं घेऊन बघा की पाठीवर.
तुमचं गेलं तेवढंच हाय."
माणसं जमली. मी पाठ वाकवली.
पन्नासचं पोतं, तीन किलो जास्तच.
काट्यापासून अडत्याच्या दुकानापर्यंत एकोणीस पावलं.
अकराव्याला गुडघे जुन्या ओळखीनं बोलू लागले.
बाहुबलीच्या डोंगराच्या पायऱ्या, जिथून मी अर्ध्यात परतलो,
चपलेचा पट्टा, जो दुसऱ्यानं लावायचा,
पोरगी लहान होती तेव्हाचं "बाबा, पळा ना",
सगळं मानेवर.
टेकवलं. पिवळा धुरळा उडाला, टाळ्या झाल्या.
कुणी पेढे मागितले,
कुणी म्हणालं, राहू दे, तो खात नाही.

भरमानं तेच पोतं उचललं
आणि आत गेला.
मग पुढचं. मग त्याच्या पुढचं.
दिवसाला दीडशे-दोनशे.
त्याचं स्वतःचं वजन बावन्न.
एकवीस वर्षांत मी विचारलं नव्हतं,
त्या दिवशी काट्यावर उभा केला म्हणून कळलं.
आकडा ओरडायला तोंड उघडलं, आणि मिटलं.

सव्वासहाला मी डबा उघडला, उन्हं जायच्या आत.
म्हणालो, "ये जेवायला."
"आमचं काय," तो म्हणाला,
"गाडी भरून झाली की. धा, अकरा."
त्याच्या मानेवर, जिथं पोतं टेकतं,
तिथं घट्टा आहे, हळदीनं मुरलेला.
मी भाकरी मोडली.
आधी अर्धी, मग अर्ध्याची अर्धी.
ऊन पत्र्यावरून खाली उतरत होतं.