अर्थ

तिसरी नवी बॅटरी होडीत चढली
तेव्हा दामोदर पावशे मालकासारखा दिसत नव्हता.
दुकानदार म्हणे डायनामो, डायनामोवाला म्हणे बॅटरी,
होडी म्हणे टक्. एवढंच.

याकूब सारंग ट्रकचं काम अर्धं टाकून आला.
चपला हर्णैच्या वाळूत, मीटर गळ्यात,
ट्रकचीच बॅटरी खांद्यावर.
तिची काळी क्लिप थेट इंजिनाच्या लोखंडाला लावली,
इंजिन खोकलं, उठलं.
डायनामोपाशी चौदा पॉइंट दोन.
बॅटरीपाशी बारा चार.
"वाटेत कुणीतरी खातंय," म्हणाला,
लिलावात पाट्या कमी भरल्यावर म्हणतात तसं.

मग इंजिनाखालच्या तेलकट पाण्यात पालथा पडून
काळ्या वायरीवर बोट ठेवून सरकत गेला
शेवटच्या बोल्टापर्यंत. तिथे
खाऱ्या हवेनं पिकवलेलं हिरवंगार मोरचूद.
"अर्थ लागत नाहीये."
"मला तर महिनाभर लागला नाही," दामोदर म्हणाला.

पॉलिश पेपरचा चतकोर तुकडा, वर ग्रीसचं बोट.
तेरा नऊ. चौदा.

काठावर आधीच्या दोन्ही बॅटऱ्या
निर्दोष सुटल्यासारख्या उन्हात बसलेल्या,
आणि याकूब भरतीच्या रेषेवर
एका चपलेनिशी
दुसरी शोधत.