रोज एक वाक्य

तिआनजिनच्या आठव्या मजल्यावर, रात्रपाळीत
माझं काम एवढंच:
ताप, दाब,
आणि पहाटे बाईंपुढे वही धरायची.
रोज तेच वाक्य. तेच अक्षर.
हात कापला, शब्द सांडला
तर डॉक्टरांना झोपेतून उठवायचं.

श्यू क्वेइफन. वय त्रेसष्ट. जठर.
तीस वर्षं नदीकाठच्या गल्लीत
मुगाची धिरडी घातली, गल्लीची पोटं भरली.
वाक्य तिनं स्वतः निवडलं:
'तवा तापला का, ते पाणी शिंपडून बघावं.'

तीन आठवड्यांपूर्वी तिच्या रक्तातून
पांढऱ्या पेशी वेचून नेल्या,
परगावी त्यांना
एकच चेहरा ओळखायला शिकवला.
पिशवी परत आली दगडासारखी गोठून.
वितळली, आणि खोलीभर लसणाचा वास.
'शिकून आली पोरं,' ती म्हणाली,
'आधी जेवायला घाला त्यांना.'

डॉक्टर थान तरुण आहेत, चित्र काढून समजावतात:
रक्ताचा कर्करोग म्हणजे उघडं मैदान,
ही गाठ म्हणजे किल्ला.
तटापर्यंत पोचता पोचता पेशी दमतात,
पायथ्याशी बसून राहतात,
कशाला आलो ते विसरतात.
तिनं ऐकून घेतलं. मग मला, हळूच:
'किल्ला कसला गं! करपलेलं पीठ ते, तव्याला धरलेलं.
नवऱ्याचं, सासूचं, सगळं पोटात घातलं मी.
कुठेतरी धरणारच.'

पाचव्या रात्री ताप चाळिसाला टेकला.
मी घाबरले. डॉक्टर थान मात्र
जिन्यात उभे राहून हसू दाबत होते:
ताप म्हणजे आत कुणीतरी कुणाला तरी गाठलंय.
पहाटे वही धरली.
'तवा', एवढं उमटलं.
मग एक लांब रेघ,
पानाबाहेर, चादरीवर.

आता त्यांना हसू येत नव्हतं.

आठव्या दिवशी वही तिनंच मागितली.
अक्षर शाळकरी, ओळ वर चढलेली,
आणि वाक्य भलतंच:
'पाणी शिंपडलं. चर्र झालं.'
नियमानं ही चूक.
रकान्यात मी बराच वेळ काही भरलं नाही.

गाठ तिसऱ्या हिश्शानं आटली.
उरलेल्या दोन हिश्शांबद्दल
चित्र कुणी काढलं नाही.

चादरीवरची रेघ धुलाईत गेली नाही.
परवा दिसली, दुसऱ्याच कॉटवर,
ल्यांग नावाच्या बसचालकाच्या पायाशी.
तो अजून ठरवतोय,
कोणतं वाक्य घ्यावं.