सात नंबर उलटा फिरतो

पहाटे पाच चाळीसला
लोखंडी चावी रस्त्यावर टेकल्याचा आवाज यायचा,
आणि मागोमाग अख्ख्या गल्लीत बादल्यांचा.
पुंडलिक पगार. पाणी सोडणारा.
आडनाव पगार, पण पगार कधी दहा तारखेच्या आत नाही,
हा त्याचा एकुलता एक विनोद,
अकरा वर्षं तोच.

खालच्या आळीला सोळा फेरे.
आम्हाला, चढावरच्यांना, साडेअकरा.
मी खिडकीत उभी राहून मोजायचे,
मोजून भांडायचे.
बारा का नाही?
"ताई, बारा दिले तर सोनजेंच्या नळाला
नुसता फेस येतो."
माझ्या पिंपात तळाला चार बोटं पाणी
आणि हा मला फेसाचं सांगतो!

अर्ज केले. सिडको विभागीय कार्यालय, आवक खिडकी,
सात अर्ज, सात शिक्के,
एकावर तारीख डोक्यावर उभी.
शनिवारी पाणी बंद, रविवारी कमी दाबाने,
हे माझ्या मुलीला
दोनाच्या पाढ्याआधी पाठ झालं.

मार्चअखेर तो निवृत्त झाला.
गल्लीतून कुणी हार नेला नाही.
मीही नाही.

एप्रिलात रस्ता काँक्रीटचा झाला,
पोरांनी विटेने स्टंप आखले,
आणि ठेक्यावरचा नवा मुलगा आला, तुषार खैरनार.
हातात मोबाईल, मोबाईलात नकाशा,
नकाशात निळा ठिपका, बरोबर भररस्त्यात.
भररस्त्यात काहीच नव्हतं.
तो ठिपक्यावर उभा राहिला,
आम्ही हंडे घेऊन त्याच्याभोवती,
जणू तोच आता पाझरणार.

तीन दिवस टँकर.
टँकरपाशी मणियारकाकूंची कळशी माझ्याकडे आली,
माझी त्यांच्याकडे गेली.
माझी जरा मोठी होती.

चौथ्या दिवशी मीच निघाले,
पाथर्डी फाट्याच्या पुढे, विचारत विचारत.
तो दारात लसूण सोलत बसलेला.
"काय ताई,
बारा फेरे मागायला इथवर?"

आला. रबरी चपला, घरचा पायजमा.
चावी नव्हती, ती पावती घेऊन जमा केलेली.
सोनजेंच्या पायरीपासून सात पावलं,
मग विजेच्या खांबाकडे तोंड करून तीन.
टाच आपटली. ऐकलं.
अर्धं पाऊल सरकला.
"इथं फोडा."

महिन्याभराचा रस्ता फुटला.
ठेकेदाराचा माणूस फोनवर कुणाला तरी
आमची नावं सांगत होता.
झाकण निघालं, तुषारने चावी लावली,
मानेच्या शिरा फुगल्या, व्हॉल्व्ह हलेना.
"अरे, काय करू ऱ्हायला?
सात नंबर आहे हा. उलटा फिरतो."
"कुठं लिहिलंय?"

पगार त्याच्याकडे बघत राहिला.
मग आमच्याकडे.
मग सोनजेंच्या कोरड्या नळाकडे.

मी पर्समधून विजेचं बिल काढलं, मागची बाजू.
तो सांगत गेला:
दोन नंबर कुरकुरतो, घाबरू नये.
पाचात बेडूक आहे, आधी काठी घालावी.
सात उलटा.
नऊ कधीच पुरता बंद करू नये,
पुढे बाळंतिणींचा दवाखाना आहे.
चढाला साडेअकरा.
"बारा," मी म्हणाले.
"साडेअकरा लिहा."
लिहिलं.

बिल दूधकेंद्राच्या दाराला आतून चिकटवलंय,
कडा तेलकट झाल्यात.
तुषार आता न वाचता फिरवतो, कानात गाणी लावून.
मी खिडकीत मोजते.

काल बारा झाले.
सोनजेवहिनी बाहेर आल्या,
नळाखाली तळवा धरला,
आणि मान वर करून
सरळ माझ्या खिडकीकडे पाहिलं.

मी पडदा ओढला.
आत पिंप भरत होतं.