एका खासगी कारखान्यात

पहाटे साडेचारला गोवावेसच्या फुटपाथवर
आम्ही वर्तमानपत्रांच्या पोटात पत्रकं भरतो.
मी मराठी गठ्ठ्याला, शिवलिंग कन्नड गठ्ठ्याला.
शेकड्याला ठरलेले पैसे, मध्ये एक अर्धा चहा.
पत्रक मात्र एकच:
इकडून मराठी, उलटलं की कन्नड,
आणि कर्जाच्या अटी दोन्हीकडे
सारख्याच बारीक.

आज पहिलं पान पहिलं नव्हतंच.
त्याच्यावर गुळगुळीत कागदाचं आणखी एक पान,
त्यावर हिरवळ, हसणारं कुटुंब
आणि कारखान्याची पन्नास वर्षं.
दोन्ही गठ्ठ्यांत तेच कुटुंब, तेच दात.
शिवलिंग म्हणाला,
"तुमच्यात पण हेच, आमच्यात पण हेच.
सीमाप्रश्न सुटला की गा!"
आम्ही हसलो. हात थांबवले नाहीत.

गेल्या नोव्हेंबरात कॅमेरे आले होते,
मला मुंबईचा, त्याला बेंगळुरूचा.
"जरा चिडून सांग," मला म्हणाले.
त्यालाही तेच म्हणाले असणार,
कारण रात्री आम्ही दोघं आपापल्या पडद्यावर
एकमेकांवर ओरडत होतो,
आणि खाली एका सिमेंटची जाहिरात सरकत होती.
खरं तर त्या वेळी आम्ही
खडेबाजारच्या कोपऱ्यावर
एकाच कागदातलं गिरमीट खात होतो.
मिरची त्याला लागली. पाणी मी आणलं.

बातमी सातव्या पानावर सापडली,
राशिभविष्याच्या खाली. चार ओळी.
'एका खासगी कारखान्यात कामगार जखमी.'
मोनाप्पा काका आमच्याच गल्लीतले, अनगोळचे.
सोमवारी, दुसऱ्या पाळीत, उद्यमबागेत,
उजव्या हाताची दोन बोटं प्रेसखाली गेली.
बातमीत त्यांचं नाव आहे, गल्ली आहे,
वयही आहे, सहा वर्षांनी चुकलेलं.
कारखाना तेवढा 'एक'.
पहिल्या पानावर तो कुणी एक नव्हता,
तिथं त्याचं नाव माझ्या तळहाताएवढ्या अक्षरांत.

कॉलेजात सर फळ्यावर लिहितात:
कोण, काय, कुठे, केव्हा, का.
मी विचारलं, "सर, 'कोण' छापायचं राहिलं तर?"
सरांनी आधी खिडकी लावून घेतली.
बाहेर बसचा आवाज फार होतोय, म्हणाले.
मग 'केव्हा' शिकवायला घेतलं.

संध्याकाळी गंगव्वा काकूंना पेपर वाचून दाखवला.
दोनदा वाचायला लावला.
"कारखान्याचं नाव कुठाय रे त्यात?"
मी पहिलं पान पुढं केलं. हे काय, इथं.
काकूंनी कागद बोटांत धरून चोळला,
उजेडाकडे धरला,
म्हणाल्या, "चांगला जाड आहे, फाटायचा नाही,"
आणि डबे उतरवून तो फळीवर अंथरला.
आता हळदीच्या डब्याखाली हिरवळ आहे,
आणि मुलाच्या हसण्यावर रॉकेलची जुनी बाटली,
जी कशासाठी ठेवलीय ते कुणालाच आठवत नाही.
काका कॉटवर बसून डाव्या हातानं
मोबाइल उघडायला शिकत होते.
तो अंगठ्याचा जुना ठसा मागत होता.
मध्येच त्यावर
पाच मिनिटांत कर्ज देणारी बाई बोलू लागली,
अगदी आमच्या बोलीत, 'काय गा' म्हणत.
काका म्हणाले, "हिला कुणी सांगितलं?"
मला उत्तर येत होतं. दिलं नाही.

या कवितेतही कारखान्याचं नाव नाही,
हे तुमच्या लक्षात आलं असेल.
माझ्या सॅकमध्ये त्यांच्याच शिष्यवृत्तीचा अर्ज आहे,
फोटो चिकटवलेला, प्राचार्यांचा शिक्का घेतलेला.
शेवटचा रकाना:
'आमच्या संस्थेविषयी आपले मत, पन्नास शब्दांत.'
एक्केचाळीस लिहून झालेत, परवाच,
आणि चांगले लिहिलेत, सर म्हणाले.
नऊ उरलेत.
काकांची बोटं आठ.

मुदत शनिवारपर्यंत आहे.