साडेतीनचा दिवा

क्लाइपेडाच्या बंदरात एकोणीस वर्षं
रिमविदास क्रेनच्या काचेच्या खोलीत बसला.
तीस टनांचा कंटेनर असा टेकवायचा
की खालच्या माणसाला आवाज नाही,
फक्त सावली थांबल्याचं कळायचं.

गेल्या ऑक्टोबरात एक कंटेनर
त्यानं हवेतच धरून ठेवला. अकरा मिनिटं.
खालून हात हलत होते. खाली घे, खाली घे.
नंतर म्हणाला, दिसत होतं गं सगळं,
फक्त त्याचा माझ्याशी संबंध नव्हता.

तेव्हापासून तो घरी. आणि डोळ्याला डोळा नाही.

मी पहाटे साडेतीनला उठते, बेकरीत जायला.
स्वयंपाकघरात दिवा, दिव्याखाली तो,
पुढ्यात खिळ्यांचा डबा.
लांब एकीकडे, वाकडे एकीकडे,
सकाळी परत सगळे एकत्र.
"झोपलास का" हे विचारणं मी डिसेंबरात सोडलं.
त्याच्या उजेडात बूट घालायचे आणि निघायचे.

डॉक्टरीणबाईंचं नाव यूर्गिता. वय आमच्या मुलीएवढं.
एक गोळी मनासाठी, तिला चार आठवडे द्या म्हणाल्या.
एक अर्धी, रात्रीची.
आणि सगळा भार गोळीवर टाकू नका.
मग जे सांगितलं त्यानं मला हसूच आलं:
ज्याला झोप नाही, त्यानं कमी झोपायचं.
एकच्या आत अंथरुणाला पाठ नाही.
सहाला उठायचं, लागो न लागो.
तळमळत पडायचं नाही, सरळ बाहेर यायचं,
पापण्या जड झाल्या की परत.
निजायच्या खोलीतलं घड्याळ काढा.
रोज वहीत लिहा.

घड्याळ काढलं, भिंतीवर त्याचा गोल डाग राहिला.
तो डागाकडेच बघायचा, सवयीनं.

पहिले पंधरा दिवस मी त्या बाईला शिव्या मोजल्या.
संध्याकाळी सूपचा चमचा हातात धरून तो पेंगायचा
आणि मी त्याला गदागदा हलवायची.
नवऱ्याला जागं ठेवायची नोकरी.
वहीत त्याचं रेखीव अक्षर, मालाच्या पावतीसारखं:
पडलो १.००. उठलो. परत पडलो. लागली, अंदाजे ४.
शेरा: वारा.
शेरा: काही नाही.
शेरा: मुलीचा फोन होता. घेतला नाही.

मार्चमधल्या एका बुधवारी
उठले तर घरात अंधार.
काळजात चर्र झालं.
दिवा नाही म्हणजे तो कुठे?
हात लांब केला.
शेजारीच होता. जड. तोंड उघडं, घोरत.
मी चाचपडत बूट शोधले,
करंगळी पलंगाच्या पायाला आपटली,
ओरडणं गिळून टाकलं
आणि तीन मजले उतरून, रस्त्यावर येऊन,
मग "आई गं" म्हणाले.

संध्याकाळी वही बघितली.
पडलो १.००. लागली, आणि पुढे नुसती रेघ.
शेरा: ठाऊक नाही. खालून कुणीतरी हात दाखवत होतं. टेकवलं.

गुरुवारी परत दिवा होता, खिळे होते.
मी दारात थांबले.
"ये," तो म्हणाला, पायानं स्टूल पुढे सरकवत,
"बूट घाल. आज उजेड आहे."