कॉलर तेवढी

शिरोलीच्या भट्टीत लोखंड पातळ होतं,
मी ते साच्यात ओततो. हात हलत नाही.
आणि घरची ही पाऊण किलोची इस्त्री
नुसती फुस्स करते
तर मला घाम फुटतो.

धुण्याला माझी ना नाही, असं मी चारचौघांत म्हणतो.
खोटं आहे. ना आहे. पहिल्यापासून आहे.
पण वैजयंतीची सकाळपाळी सीपीआरला,
माझी दुसरी पाळी,
मग सकाळी घरात कोण?
मी आणि ढीग.

ढीग खुर्चीवर असतो.
त्या खुर्चीवर माणूस बसलेलं
दोन वर्षांत बघितलेलं नाही.
पाहुणे आले की ढीग कॉटवर जातो,
पाहुणे मुक्कामाला थांबले की मशीनमध्ये,
आणि पुन्हा धुतला जातो बिचारा
काही गुन्हा नसताना.

माझ्या कामाच्या कपड्यांतली काळी वाळू
बादलीच्या तळाशी बसते.
एकदा चुकून वैजयंतीच्या पांढऱ्या ड्रेसबरोबर
एकाच पाण्यात घातले.
ती काही बोलली नाही.
ड्रेस हातात धरून खिडकीपाशी उभी राहिली
आणि म्हणाली, "ढगाळ आलंय."
त्या दिवसापासून दोन बादल्या. लाल माझी.

जुलैत दोरी घरातच,
दिव्याच्या बटणापासून देव्हाऱ्याच्या खिळ्यापर्यंत.
देवाला नमस्कार करायचा
तर बनियन बाजूला सारून.

लेकीच्या पिनाफोअरला अठरा चुण्या.
मोजल्यात मी.
एक धरली की शेजारची सुटते.
शेवटी माझा मीच शोध लावला:
ओल्या असतानाच चुण्यांना चिमटे लावायचे,
तसंच टांगायचं, वाळलं की काढायचे.
आणि आतल्या शर्टाची कॉलर तेवढी, बाह्या तेवढ्या.
बाकीचं पिनाफोअरखाली.
झाकला शर्ट सव्वा लाखाचा.

राहिलेलं गाठोडं साने गुरुजी वसाहतीच्या कोपऱ्यावर,
हिंदुराव परटाच्या गाड्यावर.
त्याची इस्त्री कोळशाची, ओतीव, माझ्या जातीची.
दांडा एकदा तुटला होता,
आमच्याच फौंड्रीतनं नवा करून दिला,
तेव्हापासून माझ्या कापडांचा नंबर वरचा.

परवा गेलो तर
त्याच्याच अंगात चुरगळलेला शर्ट.
चुरगळलेला म्हणजे,
गाईनं चघळून सोडल्यासारखा.
म्हटलं, "हिंदूतात्या, हे काय?"
त्यानं पाण्याचा शिपका मारला कुणाच्या तरी पॅन्टवर.
"दिवसभर हेच करून घरी परत कोण करतंय?
मला तर लई कंटाळा ह्या कामाचा.
बापानं हातात दिली,
खाली ठेवायला जागा घावली न्हाई."

तापल्या कापडाचा वास येत होता.
मी काय बोलणार.
म्हटलं, "काढा शर्ट."
"आँ?"
"काढा म्हणतोय."

तो बनियनवर उभा, रस्त्याकडे पाठ करून, लाजत.
मी ती जड इस्त्री धरली.
डावीकडं ओढते जरा. सवयीची आहे त्याच्या.
"आधी पाणी मारा."
मारलं.
"बटणाभोवतीनं न्या. बटणावरनं न्हाई."
नेलं.
कॉलर केली. पुढचा भाग केला.
"आणि पाठ?"
"पाठ कोण बघतंय, तात्या."

त्यानं शर्ट घातला, छाती जरा पुढं काढली,
समोरच्या टपरीवर चहा सांगायला गेला.
मागून बघितलं.
पाठीवरच्या चुण्या तशाच होत्या.
मोजल्या नाहीत.

पैसे घेतले त्यानं, पूर्ण. बरं झालं.

घरी आलो. खुर्चीवर ढीग.
दुसऱ्या पाळीला अजून तास होता.
इस्त्रीचं बटण चालू केलं,
मग बंद केलं,
आणि खुर्चीशेजारी
खाली फरशीवर बसलो.